ही बाजू वर

मी स्टूल बोलतोय. बोलावं की नाही, यावर मी पुष्कळ विचार केला. ज्याच्यावर लोक उभे राहतात त्याने आपलीच कहाणी सांगत सुटावं, हे शोभतं का? कदाचित नाही शोभत. पण माझ्याकडे एक गोष्ट आहे. ती मी सांगितली नाही, तर मोठे साहेब सांगतात, आणि ते सांगतात तेव्हा तिच्यात मी नसतोच.

मी जन्माने स्टूल नाही. आधी मी खोकं होतो. समुद्रापलीकडच्या भल्या माणसांनी मिशनच्या दवाखान्यासाठी औषधांच्या बाटल्या पाठवल्या, त्या माझ्या पोटात भुश्यात बसून आल्या. माझ्या अंगावर काळ्या शाईत ठसठशीत छापलं होतं: ‘ही बाजू वर’. शेजारी एक बाण. वाटेतल्या एकाही हमालाने त्या बाणाकडे लक्ष दिलं नाही, तो भाग वेगळा. त्यामुळे मी आलो तो उलटा, आणि बाटल्यांनीही सगळा प्रवास शीर्षासनात केला.

दवाखान्यात काहीही टाकून द्यायची पद्धत नव्हती. चादर विरली की तिची लंगोटं व्हायची, लंगोटं विरली की फडकी, आणि फडकी विरली की मेट्रनबाई हताश होऊन म्हणायच्या, “आता याचं काय करू, सांगा?” खोक्यांचं काय करायचं, हे मात्र मिस्त्री ठरवायचा. मिस्त्री म्हणजे दवाखान्याचा सुतार. तो दारं बसवायचा, खाटांचे पाय ठोकायचा, कुबड्या करायचा. हात सोन्याचा, बोलणं जेवढ्यास तेवढं.

त्याच सुमारास ऑपरेशनचं टेबल भेट म्हणून आलं. ते उंच माणसांच्या देशात बनलं होतं. खाली-वर करायला त्याला एक दांडा होता, पण तो वाटेत गंजून बसला होता. मिस्त्रीने सगळं बळ लावून तो फिरवला. टेबल आणखी थोडं वर गेलं आणि तिथेच कायमचं थांबलं.

आणि आमच्या डॉक्टरबाई फार बुटक्या. हे मी पूर्ण आदराने सांगतो. समुद्र ओलांडून आल्या तेव्हा तरुण होत्या, आता केस पिकले, पण उंचीत काही फरक पडला नव्हता. टेबलापाशी उभ्या राहिल्या की त्यांची हनुवटी पेशंटच्या पोटाला टेकायची.

“मिस्त्री,” त्या म्हणाल्या, “मला पोट उघडायचं आहे. त्यावर डोकं ठेवून झोपायचं नाही.”

मिस्त्रीने मान डोलावली आणि खोकं उकललं. रुंद फळी वर, चार जाड पाय, पायांना खालच्या टोकाशी चारी बाजूंनी आडव्या पट्ट्या. असा मी झालो. छापील अक्षरं दिसायला वाईट म्हणून ती बाजू त्याने खाली घेतली. त्याला वाचता येत नव्हतं. ज्यांना येत होतं, ते स्टुलाखाली डोकावण्याइतके रिकामे नव्हते.

तेव्हापासून माझ्या मनाला एक घोर लागला. माझ्या पोटाला स्पष्ट छापलंय की ही बाजू वर, आणि ती तर कायम खाली. म्हणजे मी उलटा आहे का? सगळे मला सरळ समजतात खरे, पण सगळे समजतात म्हणून गोष्ट खरी होते असं थोडंच आहे? हा प्रश्न मी कुणाला विचारणार? माझ्या भोवती नुसते पाय.

पायांचं मात्र मला उत्तम कळतं. माणूस चेहऱ्याने जे झाकतो, ते त्याच्या पायांना झाकता येत नाही. मेट्रनबाई देहाने भारदस्त, त्यांच्या चपला फरशीवर फटफट वाजत आणि अख्खा वॉर्ड सावध होई. नव्या नर्सचे पाय आतल्या बाजूला वळत, तेही ओरडा बसायच्या आधीच. मिस्त्री अनवाणी. आणि डॉक्टरबाईंचे कापडी बूट. ते धुऊन धुऊन इतके पातळ झाले होते की आतलं बोट न् बोट मला कळायचं.

दवाखान्यात सगळे म्हणत, बाईंना भीती म्हणून ठाऊक नाही. मी ऐकायचो आणि गप्प बसायचो. ऑपरेशनच्या आधी बाई दोन्ही पाय माझ्यावर ठेवत आणि वरून अगदी कोरड्या आवाजात म्हणत, “चला.” त्याच वेळी खाली बुटात त्यांची दहाही बोटं अशी आवळलेली असत, जणू मी झाड आहे आणि त्या फांदीवर. वर हात स्थिर, खाली बोटं घट्ट. सगळी भीती त्या पायांत उतरवून देत आणि ती मी धरून ठेवायचो. माझी नेमणूक उंचीसाठी झाली होती, पण खरं काम हे होतं, असं आपलं मला वाटतं.

मेट्रनबाईंबद्दलही सांगायला हवं, कारण पुढे त्यांचंच काम आहे. पेशंट झोपलेला असताना त्याला जागं न करता त्याच्या अंगाखालची चादर बदलायची, यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. एका कुशीला हलकेच वळवायचं, जुनी चादर गुंडाळत न्यायची, नवी सरकवायची, दुसऱ्या कुशीला वळवायचं, झालं. एकदा एक गृहस्थ जागा झाल्यावर तक्रार करत होता की माझी चादर कुणी बदलतच नाही. तो बदललेल्या चादरीवरच बसला होता.

आता रविवारचं. दवाखान्याच्या आवारात पलीकडे प्रार्थनाघर होतं. तिथलं पुलपिटही, म्हणजे उपदेश करणाऱ्याने मागे उभं राहायचं उंच मेज, भेट आलेलं, आणि तेही उंच माणसांच्याच देशातून. समोरून आणि बाजूंनी बंद, मागून उघडं. कायमचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, नव्हते, त्यामुळे उपासना बहुतेक वेळा डॉक्टरबाईच चालवत. म्हणून शनिवारी ऑपरेशनची खोली धुतली की मला प्रार्थनाघरात नेऊन पुलपिटामागे ठेवत, आणि रविवारी उपासना संपली की परत आणत. मध्येच कुणी अत्यवस्थ आलं, तर बाई गीत अर्धवट टाकून धावत आणि त्यांच्या मागोमाग मला घेऊन कुणीतरी धावे. लोकांना त्याची सवय होती. जिकडे बाई तिकडे स्टूल, असा आमच्याकडचा शिरस्ताच होता.

तो शिरस्ता एका रविवारी मोडला.

मिशनच्या मंडळाचे अध्यक्ष पाहणीला आले होते. त्यांना सगळे मोठे साहेब म्हणत. आल्यापासून त्यांचे चकचकीत बूट सगळ्या वॉर्डांतून कर्रकर्र करत फिरत होते. टाचा चांगल्याच जाड. मी टाचा पाहूनच मनाशी ताडलं, पण बोललो नाही. त्या रविवारी उपदेश मोठे साहेब करणार होते, आणि बाई पहिल्या बाकावर बसणार होत्या. मला मात्र सवयीने कुणीतरी पुलपिटामागे ठेवून गेलं होतं. बाईंचं काम नसताना स्टुलाला कशाला न्यायचं, हा विचार कुणाच्याच डोक्यात आला नाही.

मोठे साहेब पुलपिटामागे आले. पुलपिटाची कड त्यांच्या कपाळाला लागली. त्यांनी खाली पाहिलं, मला पाहिलं, आणि इतक्या सहज चढले की जणू त्यांनीच मला मागवलं होतं. आमची ओळख कुणी करून दिली नाही. समोरच्या लोकांना एवढंच दिसलं की साहेब पुलपिटाशी पोहोचले आणि अचानक भारदस्त झाले.

पहिलं गीत चाललं असतानाच दारात नवी नर्स आली आणि तिने बाईंना खूण केली. बाई उठून गेल्या. गीत संपलं, साहेबांनी घसा खाकरला आणि उपदेश सुरू केला. विषय होता नम्रता.

तिकडे दवाखान्यात काय झालं होतं, ते मला नंतर नर्सांच्या बोलण्यातून कळलं. मिस्त्रीची लेक अडली होती. पहिलं बाळंतपण, पोर आदल्या दिवसापासून कळा देत होती, आणि बाळ आडवं. बाईंनी पोटाला हात लावला, कान लावला आणि म्हणाल्या, “सिझेरियन. आत्ता. बाळाचे ठोके मंद होतायत. आता थांबलो तर बाळ जाईल, आणि मग हिचाही भरवसा नाही.”

मिस्त्री दाराशी उभा होता. ऐकून तो भिंतीला टेकला.

पोरीला टेबलावर घेतलं, बाईंनी हात धुतले, मग खाली पाहिलं. मी नव्हतो.

“स्टूल?”

नव्या नर्सने धावत जाऊन बादली आणली आणि पालथी घातली. बाई चढल्या, बादली घसरली. विटा आणल्या, त्या डुगडुगल्या. मेट्रनबाई पुढे झाल्या. “बाई, मी कमरेला धरून उचलते तुम्हाला.”

“मी काय खिडकीच्या काचा पुसायला निघालेय?” बाई म्हणाल्या. “माझा हात हलला तर पोरीच्या जिवाशी खेळ आहे. मला माझं स्टूल हवंय.”

नव्या नर्सला प्रार्थनाघरात पिटाळलं. ती दारात उभी राहून दोन्ही हातांनी खाली खाली अशी खूण करू लागली. साहेबांना वाटलं, आवाज मोठा होतोय. त्यांनी आवाज खाली घेतला आणि उपदेश तसाच चालू ठेवला. मग तिने माझ्याकडे बोट दाखवलं. पण मी पुलपिटाआड, तेव्हा साहेबांना वाटलं, आपल्याकडेच दाखवतेय. ते तिच्याकडे पाहून प्रसन्न हसले. पोरगी रडकुंडीला येऊन परत गेली.

“बाई, स्टुलावर मोठे साहेब आहेत.”

“वर कोण आहे ते मला सांगू नकोस,” बाई म्हणाल्या. “मेट्रन, तुम्ही जा. मिस्त्री, तुम्हीही जा यांच्याबरोबर. आणि कसंही करून आणा.”

वाटेत मेट्रनबाई मिस्त्रीला काय म्हणाल्या, ते मिस्त्रीने मागाहून नर्सांना सांगितलं. म्हणाल्या, “तू पुलपिटामागच्या दारात थांब. मी सरकवलं की उचल आणि पळ. मागे वळून बघू नकोस.”

“आणि साहेब पडले तर?”

“आजवर माझ्या हातून एकही पेशंट खाली पडला नाही.”

मागचं दार किंचित उघडलं आणि मेट्रनबाई रांगत आत आल्या. एवढा देह, पण एक चप्पल वाजली नाही, चपला हातात होत्या. साहेब ऐन रंगात आले होते. मोठेपणाच्या जागेवरून माणसाने आपण होऊन कसं खाली उतरावं, हे ते समजावून सांगत होते. वर हात उंचावत होते, आणि खाली जाड टाचांच्या बुटात त्यांची बोटं आवळलेली होती. तेव्हा मला साहेबांची जरा दया आली. तेही घाबरलेलेच होते. एवढ्या लोकांसमोर बोलायचं म्हणजे थोडीथोडकी गोष्ट नाही.

मेट्रनबाईंनी त्यांच्या डाव्या पोटरीला हात लावला. अगदी हलका, पेशंटला लावतात तसा. साहेबांनी दचकून खाली पाहिलं. खालून मेट्रनबाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि कुजबुजल्या, “साहेब, अंग सैल सोडा.”

आता हे वाक्य त्यांनी आयुष्यभर इतक्या माणसांना सांगितलं होतं की ते ऐकलं की माणूस आपोआप अंग सैल सोडतोच. साहेबांनीही सोडलं. डावा पाय अलगद उचलून खाली ठेवला गेला. मी अर्धा बाहेर. उजवा पाय उचलला, खाली ठेवला. मी पूर्ण बाहेर. चादर बदलून झाली होती.

साहेबांचं वाक्य चालू होतं. “माणसाने खाली...” एवढं म्हणाले आणि खाली गेले. पुलपिटावर फक्त त्यांचा भांग उरला.

लोकांना वाटलं, साहेबांनी गुडघे टेकले. एवढा मोठा माणूस, नम्रतेवर नुसता बोलत नाही, बोलता बोलता खालीच बसतो. पुढच्या बाकावर पायाला प्लास्टर घातलेले एक आजोबा होते. त्यांनाही राहवेना, तेही प्लास्टरसकट खाली बसायला लागले. त्यांना धरायला शेजारचे वाकले, आणि बघता बघता सगळं प्रार्थनाघर गुडघ्यांवर आलं. पुलपिटाआडून एक अदृश्य आवाज घाईघाईने “आमेन” म्हणाला. साहेबांचा एवढा छोटा उपदेश कुणी पूर्वी ऐकला नव्हता, आणि एवढा परिणामकारकही.

हे शेवटचं मी पाहिलं नाही, ऐकलं. कारण तोवर मी मिस्त्रीच्या छातीशी होतो. त्याने मला उचललं तेव्हा माझे पाय वर होते, आणि आवार ओलांडताना मला पहिल्यांदाच आभाळ दिसलं. मिस्त्री धावत होता, त्याचं काळीज माझ्या फळीवर थाडथाड आपटत होतं, आणि तो माझ्याशी बोलत होता. तोवर सबंध आयुष्यात माझ्याशी कुणी बोललेलं नव्हतं. “हलू नकोस हं,” तो म्हणाला. “आज अजिबात हलू नकोस, बाबा.”

दाराशी मला जंतुनाशकाच्या पाण्याने आंघोळ घातली. मग बाई चढल्या.

“चला,” त्या म्हणाल्या.

बोटं आवळली. इतकी कधी आवळली नव्हती. मी तुम्हाला वरचं काही सांगू शकत नाही, मला टेबलाची खालची बाजू, दोन बादल्या आणि पाय एवढंच दिसतं. बाईंचा आवाज मध्येच यायचा. “चिमटा. पुसून घे. अजून पूस.” मग आवाज येईनासा झाला. मेट्रनबाईंच्या चपला जागच्या जागी थिजल्या. बाईंची बोटं माझ्यात रुतत चालली होती. मी मनात म्हणत होतो, मी उलटा असेन, चुकीचा ठोकलेला असेन, पण आजच्या दिवस मला सरळ असू दे.

मग काहीतरी उचललं गेल्याचं मला कळलं, कारण बाईंचा भार क्षणभर टाचांवर गेला. आणि शांतता. एक चापट. परत शांतता. दुसरी चापट.

आणि मग एक बारीकसं, चिडलेलं, किरटं रडणं.

बाईंची दहाही बोटं एकदम सैल झाली. वर त्या कोरड्या आवाजात म्हणाल्या, “मुलगी आहे. सुई-दोरा द्या इकडे.”

आई ठीक होती. बाळ मात्र फारच लहान, आणि गार पडत चाललेलं. दवाखान्यातल्या खाटा मोठ्या लोखंडी, त्यात त्या जिवाला ठेवलं की ते हरवूनच जाई, आणि भोवती ठेवलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या इकडे तिकडे गडगडत. मेट्रनबाई बाळाला छातीशी धरून सगळीकडे बघत होत्या. बाई टाके संपवून खाली उतरल्या, आणि उतरता उतरता थांबल्या.

“हे घ्या,” म्हणाल्या. “आज आता मला नको.”

त्यांनी मला पायाने कलंडवलं आणि उलटं केलं. चारी पाय वर, पट्ट्यांना टॉवेल ताणून बांधले, तळाला दुलई, बाजूंनी गरम पाण्याच्या बाटल्या, आणि मधोमध ती किरटी मुलगी. ती थोडा वेळ कुरकुरली आणि मग झोपली.

मिस्त्री आत आला. वाकून नातीकडे पाहिलं, आणि मग, सुतारच तो, पाळण्याकडे पाहिलं. दुलईच्या कडेला काळी अक्षरं डोकावत होती.

“बाई, हे काय लिहिलंय?”

बाईंनी चष्मा वर केला. “ही बाजू वर.”

मिस्त्रीचा चेहरा पडला. “म्हणजे एवढी वर्षं मी उलटंच ठोकलं होतं?”

“नाही हो,” बाई म्हणाल्या. “तेव्हा मला उभं राहायचं होतं. आता हिला झोपायचंय.”

एवढंच. माझा जन्माचा घोर त्यांनी बूट काढता काढता मिटवला, आणि त्यांना कळलंही नाही.

थोड्या वेळाने कर्रकर्र वाजलं. मोठे साहेब आले. त्यांच्या मागे प्लास्टरवाले आजोबा डोळे पुसत होते. “साहेब, असा नम्र माणूस मी जन्मात पाहिला नाही.” साहेबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि नाकारलं काहीच नाही. मग मेट्रनबाईंकडे वळून हळूच म्हणाले, “तुम्ही माझे पाय धरलेत.”

“हो साहेब.”

“का?”

मेट्रनबाईंनी माझ्याकडे, म्हणजे पाळण्याकडे बोट दाखवलं. साहेब वाकले. बराच वेळ वाकलेले राहिले. सरळ झाले तेव्हा समोर डॉक्टरबाई होत्या, अनवाणी. त्या दवाखान्यात बाईंच्या डोळ्याला डोळा भिडवता येईल असा माणूस पहिल्यांदाच आला होता.

“डॉक्टर,” साहेब म्हणाले, “फार छान स्टूल होतं.”

“मिस्त्री नवीन करणारच आहे मला. आपल्यालाही एक पाठवायचं का?”

साहेबांनी इकडे तिकडे पाहिलं. “पाठवा,” ते म्हणाले. “पण बोभाटा नको.”

नवीन स्टूल झालं. ते माझ्यापेक्षा गुळगुळीत आहे, आणि बाईंची बोटं आता त्याला कळतात. मला हेवा वाटत नाही असं नाही. साहेबांचं स्टूल बोटीने गेलं. तो उपदेश ते अजून ठिकठिकाणी करतात म्हणे, आणि त्याच वाक्याला गुडघे टेकतात. आता ते स्वतःहून उतरतात, एवढाच फरक.

मी बाळंतिणींच्या वॉर्डात खिडकीशी असतो. मिस्त्रीची नात माझ्यातून उठून केव्हाच रांगायला लागली. तिच्यानंतर कितीतरी लहान लहान जीव आले, अंग धरेपर्यंत राहिले आणि गेले. काही माझ्यातून घरी न जाताच गेले, त्यांच्याबद्दल मला बोलता येणार नाही. पूर्वी माझ्यावर भीती उभी असायची. आता झोप असते. ती वजनाला हलकी असते, पण धरायला जास्त जपावं लागतं, असं वाटतं.

तुम्हाला एकच विनंती. कधी या वॉर्डात आलात आणि खिडकीशी चारी पाय वर करून पडलेलं एक जुनं स्टूल दिसलं, तर चांगल्या मनाने त्याला सरळ करायला जाऊ नका. मी सरळच आहे. विश्वास नसेल तर दुलई जराशी उचलून वाचा. फक्त हळू उचला, आत कुणीतरी झोपलेलं असेल.